सकाळी खोकणारी जिप्सी

दिव्याची जिप्सी माझ्या गॅरेजात आली की बरी व्हायची. तिची मुख्य तक्रार हीच होती.

सकाळी सात वाजता, गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या खाणीत, ती तिसऱ्या गिअरला दम टाकायची. दिव्या पाय दाबायची आणि गाडी झेपावायच्या ऐवजी खोकायची, कार्बोरेटरच्या तोंडातून फट् फट् उलटी हवा फेकायची. मग दिव्या तिला हळूहळू हाकत माझ्याकडे आणायची. वाटेत चहा, टपरीवर दोन ओळखीचे, असं करत अकरा वाजायचे. मी बॉनेट उघडून एक्सलेटर ओढला की गाडी अशी गरजायची की समोरच्या पीठगिरणीतल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. रात्रभर तापानं फणफणलेलं लेकरू डॉक्टरसमोर खेळायला लागतं ना, तसं.

"आता काऊन नाई खोकत हे?" दिव्या गाडीवरच डाफरली. "मले खोटं पाडून राह्यली."

"तू खोटी नाईस. गाडी लबाड हाये," मी म्हटलं.

मी अन्नपूर्णा. गोंडपिपरीत आष्टी रस्त्यावर माझं गॅरेज आहे. माहेर कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातल्या गावात. हे काम मला कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर घरातली लुना बंद पडली, मिस्त्री आज येतो उद्या येतो करत राहिला, म्हणून मी ती अंगणात पोतं अंथरून उघडली. जोडली तेव्हा दोन स्क्रू उरले, तरी ती चालली. त्या दोन स्क्रूंनी मला जो धीर दिला तो पुढं कुणा माणसानं दिला नाही. आता सगळ्या गाड्या कॉम्प्युटरवाल्या झाल्यात. कार्बोरेटर उघडणारी माणसं कमी होत गेली, तसतशी माझी किंमत आपोआप वाढली. लोक मला पाठीमागे कार्बोरेटरबाई म्हणतात. तोंडावर नुसतं बाई.

दिव्या सव्वीस वर्षांची. जंगल सफारीच्या गेटावर जिप्सी चालवते. सहा वर्षं ताशी वीसच्या वेगानं. वाघीण रस्त्यात बसली तर तासभर शून्याच्या वेगानं. मागे बसलेले पाहुणे फोटो काढतात आणि ही स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसते. दोन वर्षांपूर्वी सफारीतून बाद झालेली सत्त्याण्णव सालची एक जिप्सी तिनं घेतली आणि सरळ माझ्या दारात आणून उभी केली.

"बाई, हिले पळवाची हाये."

आम्ही दोघींनी मिळून तिचं इंजिन उतरवलं. हेड घासून घेतलं, कॅम बदलला, बल्लारपूरच्या भंगारातून दोन तोंडांचं मोठं कार्बोरेटर शोधून आणलं. एक तोंड रोजच्या चालीचं. दुसरं फक्त पाय अर्ध्याखाली गेला की उघडतं आणि मग गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी सुटते. दुपारी दोन सफाऱ्यांच्या मधे दिव्या खाणीत सराव करायची. पेट्रोल भरायचं ते पंपावर, टाकीत. सगळं ठीक होतं.

मग नागपूरहून निरोप आला. तिथली एक रॅलीची टीम नवीन ड्रायव्हर शोधत होती. चंद्रपूरकडच्या एका बंद खाणीच्या मैदानावर रविवारी चाचणी. आपापली गाडी आणायची, साडेतीन किलोमीटरची एकच फेरी, आणि ती तीन मिनिटं दहा सेकंदांच्या आत झाली पाहिजे. ज्याची झाली तो पुढचं वर्षभर टीमची गाडी चालवणार. वेळ सकाळी सातची, कारण आठनंतर त्या रस्त्यानं ट्रक सुरू होतात.

दिव्यानं आठवड्याची सुट्टी टाकली. चाचणी सातची, तर सरावही सातचा, असं ठरलं. रोज दहा-बारा फेऱ्या मारायच्या तर जास्तीचं पेट्रोल जवळ हवं, म्हणून मी माळ्यावरची माझी पांढरी डबकी काढून दिली. वीस लिटरची, चांगल्या झाकणाची. आत डोकावून पाहिली, स्वच्छ दिसली. पंपावरचा मुखरू प्लास्टिकच्या डबकीत पेट्रोल देत नाही. देऊही नये. पण मी शब्द टाकला म्हणून त्यानं इकडंतिकडं पाहून भरून दिली. सराव सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळीच त्यातलं थोडं टाकीत गेलं.

आमच्या खाणीतही आम्ही साडेतीन किलोमीटर आखून घेतलं होतं. दुपारच्या सरावात दिव्या तीन मिनिटं चार सेकंदांत यायची. सोमवारी सकाळी पहिल्यांदा गेली ती तीन मिनिटं अडतीस सेकंदांत आली. चौतीस सेकंदांचा फरक. ह्या चौतीस सेकंदांच्या पलीकडे नागपूर होतं आणि अलीकडे ताशी वीस.

मी कामाला लागले. प्लग काढून पाहिले तर पांढरेफटक. प्लग पांढरा म्हणजे इंजिन उपाशी आहे, हवा पुरेशी आणि पेट्रोल कमी. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोल साठायची वाटी असते. तिच्या तळाला पितळेचा एक बारका स्क्रू, त्यात केसाएवढं भोक, त्याला जेट म्हणायचं. इंजिन हवा ओढतं तसं त्या भोकातून पेट्रोल वर चढतं. म्हणून मी वाटी उघडली. वाटी स्वच्छ. जेट उन्हाकडे धरला, भोक गोल, आरपार. फिल्टर बदलला. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप बदलला. वाटीत पेट्रोल किती चढतं ते मोजलं, बरोबर. दुपारी दिव्या खाणीत जाऊन आली. तीन मिनिटं तीन.

"झालं!" तिनं मला उचलायचा प्रयत्न केला. मी काही उचलली जाण्यासारखी नाही.

मंगळवारी सकाळी तीन मिनिटं एकेचाळीस.

आता पेट्रोल कमी पोचत नसेल तर पेट्रोलच खराब असेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी तडक पंपावर गेले. मुखरू एका ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरत होता, मागे सहा-सात माणसं.

"मुखरूभाऊ, पेट्रोलमधी पानी विकून राह्यले का तुमी?"

"बाई, हळू बोला."

"काऊन हळू? पोरीची चाचणी हाये रविवारी. तिच्या गाडीनं पानी पेलं आन् तुमी म्हनता हळू बोला!"

मालक आतून बाहेर आला. मुखरूनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. डबकीत पेट्रोल दिल्याची गोष्ट मी बोलून बसते की काय, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर मला दिसली. ती मी बोलले नाही, एवढाच काय तो मोठेपणा. घरी येऊन मी ते पेट्रोल काचेच्या बाटलीत धरून ठेवलं. पाणी असतं तर तळाला वेगळं बसलं असतं. तासभर पाहिलं, काही बसलं नाही. म्हणजे पाणी नव्हतं. हे पंपावर परत जाऊन सांगायला हवं होतं. मी म्हटलं, चाचणी होऊन जाऊ दे, मग सांगू.

बुधवारी मी जेट एक नंबर मोठा टाकला. म्हटलं, उपाशी आहे ना, मोठ्या चमच्यानं भरवू. सकाळी गाडी तशीच खोकली आणि दुपारी काळा धूर ओकायला लागली. म्हणजे आता तिला दोन आजार झाले, त्यातला एक माझा.

आमचे हे, बापूराव, एसटीत कंडक्टर आहेत. डबा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "गाडी तुझ्यापाशी आली का बरी होते म्हनतेस?"

"हो."

"मंग तूच काऊन नाई जात तिच्यापाशी? आमच्या बसमधी बी पॅसेंजर डेपोत भांडत नाई. जथी भांडते तथी जाऊन पाहा लागते."

मी म्हटलं, तुम्ही तुमची तिकिटं फाडा. कंडक्टरनं मिस्त्रीला शिकवावं, हे मला काही पचलं नाही.

गुरुवारी मी सगळ्यात मोठी चूक केली. टायमिंग तपासलं, तारा तपासल्या, दुसऱ्या तोंडाचा पडदा उघडतो का पाहिलं. सगळं बरोबर. मशीनमध्ये काही सापडेना, तेव्हा मी माणसाकडे वळले.

"दिव्या, एक विचारू? तू सकाळी पाय पुरा दाबतेस ना?"

"म्हंजे?"

"म्हंजे सहा वर्षं वीसनं चालवली. पायाले सवय पडते. चाचणी जवळ आली, पाय भित्रा झाला असन."

हातातला पाना तिनं जागेवर ठेवला, नीट, आकारानुसार, जिथं ठेवायचा तिथंच. मग गाडी घेऊन गेली. शुक्रवारी ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, तीन मिनिटं छत्तीस. आणि म्हणाली, "बाई, मी पाय दाबला होता. पुरा. मग वाटलं, दाबला का खरंच? मले आता समजतच नाई."

तो फोन ठेवल्यावर मला बापूरावांचं बोलणं आठवलं. शनिवारी पहाटे सहाला मी शाल गुंडाळून, पान्यांचं टोपलं घेऊन दिव्याच्या दारात उभी राहिले.

"मी येतो तुह्यासंगं. चाल."

तिनं गाडीचं दार उघडून दिलं. थंडी अशी की आरशावर दव गोठल्यासारखं बसलेलं. खाणीत पोचल्यावर तिनं मला उतरवलं, एक फेरी मारली. तिसरा गिअर पडला आणि खोकला मी माझ्या कानांनी ऐकला. ती परत आली, तशी मी हात आडवा केला.

"बंद कर. आता गाडी गरम करू नको. चहा बी नाई, घर बी नाई. इथीच उघडू."

बॉनेट उघडलं. बोटं बधिर झालेली, स्क्रू दोनदा पडले. वाटी सोडवली, वरचं पेट्रोल ओतून दिलं.

तळाला पांढरं काहीतरी बसलेलं होतं. थंडीत तूप थिजतं तसं. जेटच्या भोकावर त्याचा एक थेंब टोपीसारखा.

"ग्रीस हाये का?" दिव्यानं वाकून विचारलं.

मी नखानं ते खरवडलं आणि अंगठ्यावर चोळलं. अंगठ्याच्या उबेनं ते पाण्यासारखं पातळ झालं. आधी फक्त पेट्रोलचा वास आला. पेट्रोल उडून गेलं आणि मागे दुसरा वास राहिला. तो मी डोळे मिटून ओळखला असता. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या अंगणात टोळी वाळत घालायचे, म्हणजे मोहाच्या बिया. त्यांचं तेल काढायचे. आई त्या तेलानं आमच्या टाचा चोळायची. अजूनही माझा भाऊ जंगू दरवर्षी मला ते धाडतो, माझ्या गुडघ्यांसाठी. गेल्या वर्षी त्यानं ते पांढऱ्या डबकीत धाडलं होतं.

हे तेल उन्हाळ्यात पातळ असतं आणि थंडीत दगड. हे आमच्या गावातल्या पोरालाही माहीत असतं. मी डबकी उपडी करून तेल बाटल्यांत ओतलं, गार पाण्यानं खळबळली, माळ्यावर टाकली. भिंतींना जे चिकटून राहिलं ते पांढरं, डबकीही पांढरी. आत हात जात नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आणि स्वच्छ म्हणून दिली.

आता सगळं ओळीनं लागलं. रोज थोडं थोडं तेल पेट्रोलमध्ये उतरत होतं. गाडी बंद केली की वाटीतलं पेट्रोल उडायचं, तेल मागे राहायचं, थंडीत जेटवर थिजायचं. उभ्या गाडीला त्या अडलेल्या भोकातूनही पुरेसं मिळायचं. पाय दाबला की पुरायचं नाही. आणि दहा वाजेतो ऊन, इंजिनाची गरमी, की तेल विरघळून साफ. मी अकरा वाजता उघडून काय पाहणार होते?

दिव्या माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं सांगणं सोपं होतं. टाकीत मेण आलं कुठूनतरी, असं म्हणून डबकी गुपचूप घरी नेता आली असती. कार्बोरेटरबाईचं नाव राहिलं असतं.

"हे टोळीचं तेल हाये," मी म्हटलं. "माह्या डबकीतलं. माहेरून आलतं. पेट्रोलमधी पानी नव्हतं, आन् तुह्या पायात बी खोट नव्हती. सगळी गडबड माह्या हातची."

तिनं मागच्या सीटवरची डबकी उचलून खाली ठेवली. मग म्हणाली, "पाच दिवस, बाई. दोन दिवस तं मी घरी खुर्चीत बसून पाय दाबून पाहत होती."

मी शालीच्या टोकानं डोळे पुसले. तीच पुढं म्हणाली, "आता रडू नका. पानी गोठन डोळ्यातच. टाकी उतरवू, चाला."

ट्रॅक्टरला बांधून गाडी गॅरेजात आणली. टाकी उतरवली, गरम पाण्यात सोडा टाकून तीनदा धुतली, उन्हात उपडी टाकली. नळ्या बदलल्या. कार्बोरेटरचा तुकडा न् तुकडा सुटा केला. जुना जेट परत बसवला. टाकी वाळेपर्यंत मी पंपावर गेले. शनिवारचा बाजार, चांगली दहा-बारा माणसं उभी. मला तेवढीच हवी होती.

"मुखरूभाऊ, तुमच्या पेट्रोलमधी पानी नव्हतं. माह्या डबकीत माहेरचं टोळीचं तेल होतं. मी मंगळवारी सगळ्याईसमोर बोलली, आता बी सगळ्याईसमोर सांगतो. चूक माही."

मुखरूनं नळी हुकला अडकवली. हात पुसले. आणि सावकाश म्हणाला, "म्हंजे पेट्रोलमधी पानी नाई, डबकीत माहेर हाये."

सगळे हसले. मालकही हसला, हे मी मुद्दाम पाहून घेतलं.

"डबकीत तं आता देवाले बी नाई देत," मुखरू म्हणाला. पण पंपाचा लोखंडी डबा त्यानं स्वतः भरला आणि सायकलला बांधून माझ्यामागे गॅरेजपर्यंत आला. टाकीत ओतताना झाकणाला नाक लावून वास घेतला. "पाहा बाई. काईच नाई. सासरचा बी वास नाई."

संध्याकाळी गाडी उत्तम चालली. पण संध्याकाळी ती उत्तमच चालायची. खरं काय ते सकाळीच कळणार होतं, आणि सकाळ एकच उरली होती.

रविवारी आम्ही पावणेसातला मैदानावर पोचलो. आमची धरून सहा गाड्या आलेल्या, बाकी सगळ्या आमच्या जिप्सीपेक्षा चकचकीत. दिव्याचा नंबर चौथा. तोवर गाडी गार पडणार. टाकीच्या एखाद्या कोपऱ्यात तेलाचा एक थेंब राहिला असला तरी पुरे होता. मी टपरीवाल्याकडून गरम पाणी मागून घेतलं, माझी गुडघा शेकायची रबरी पिशवी भरली आणि बॉनेट उघडून कार्बोरेटरवर ठेवली. वरून शाल.

पलीकडच्या गाडीची पोरं खिदळली. टीमचा माणूस, टोपी घातलेला, हातात घड्याळ आणि कागद, थांबून बघत राहिला.

"काकू, हे काय आहे?"

"गुडघा," मी म्हटलं.

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

चौथा नंबर पुकारला. मी पिशवी काढून छातीशी धरली, बॉनेट पाडलं. दिव्यानं हेल्मेट घातलं होतं, डोळेच दिसत होते. मी काही बोलले नाही. माझं बोलून झालं होतं, गुरुवारी.

गाडी सुटली तेव्हा मी तिच्याकडे पाठ केली. मला ती पाहायची नव्हती, ऐकायची होती. पहिला. दुसरा. मातीच्या ढिगाआड आवाज दबला, मग लांब सरळ पट्टा आला. तिसरा गिअर पडला. मी पिशवी आवळून धरली. आवाज चढत गेला, मग दुसरं तोंड उघडलं आणि तो अजून चढला, एकसलग, कुठं अडणं नाही, कुठं फट् नाही. जंगलातल्या वीसच्या रस्त्यावर सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या पट्ट्यावर निघत होतं. वळणावर तो कमी झाला, पुन्हा चढला. शेवटच्या पट्ट्यावर ती माझ्या पाठीमागून गेली तेव्हा मुरूम माझ्या शालीवर उडाला.

टोपीवाल्यानं घड्याळ दोनदा पाहिलं. "तीन सहा," तो म्हणाला. तिच्यानंतरच्या दोन गाड्या तीन अठरा आणि तीन तेराला आल्या. आधीच्या तिघांतही तीन दहाच्या आत कोणी नव्हतं. तो दिव्याकडे गेला, काहीतरी बोलला, तिनं मान हलवली. "बुधवारी नागपूर" एवढं मला ऐकू आलं.

मग ती हेल्मेट काखेत धरून माझ्याकडे आली. केस चिकटलेले, पापण्यांवर लाल धूळ.

"तिसरा ऐकला का, बाई?"

"ऐकला."

"पाय भित्रा होता?"

"नाई," मी म्हटलं. "गुरुवारी बी नव्हता."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. अजून कोमट होती. ती तिनं आपल्या दोन्ही गार हातांत धरली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.